यादीत नसलेली पोर

शी! चर्चमागच्या संडासाचं गटार तुंबलं, आणि तेही रविवारी, उपासनेला जेमतेम तासभर उरलेला असताना. किल्लीवाले काका चार पावलं मागे सरले. वीस वर्षं चर्चचं कुलूप उघडणाऱ्या, बाकं पुसणाऱ्या या माणसाला मुळातच कशाचीही भारी किळस. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही. नाकावर रुमाल दाबून ते गटारवाल्यावर खेकसत होते, "अरे, उरक की लवकर! लोक यायला लागतील."

गटारवाला कमरेइतक्या घाणीत उभा. तो काही चर्चचा नव्हता. बांबू आत सारता सारता म्हणाला, "काका, दाराजवळची ती प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी आजाऱ्यांसाठी असते ना? माझ्या पोरीचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. तिचं नाव टाकाल?"

काकांना शिसारीच आली. देवाच्या पेटीत या माणसाची चिठ्ठी! "ती यादीतल्या सभासदांसाठी असते बाबा," ते तुटकपणे म्हणाले. चिठ्ठ्या यादीशी ताडून बाहेरची नावं काढून टाकायची, हे त्यांचंच काम होतं, आणि त्यात त्यांनी कधी कुचराई केली नव्हती.

"मग यादीत नका घेऊ," गटारवाला जराही न रागावता म्हणाला. "मी आतही येत नाही, बाकं खराब होतील. तुमची नावं वाचून झाली की देवाला म्हणा, एक राहिलीय. तेवढ्यानं भागेल. त्याला काय, तो नुसता एक शब्द बोलला की पोर बरी!"

नळ सोडला की पाणी येणारच, इतक्या खात्रीनं तो बोलत होता. काकांना स्वतःचं मागणं आठवलं. त्यांची स्वतःची बायको आठ महिने अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी ते तिच्या नावाची चिठ्ठी टाकायचे, आणि ती वाचली जात असताना मागचं दार लावलं की नाही याचा विचार करत बसायचे. मागणं तोंडदेखलं, आणि पेटीची राखण मात्र डोळ्यांत तेल घालून! थू तुझ्या जिण्यावर, ते स्वतःलाच म्हणाले. आता त्यांना खरी ओकारी येत होती, आणि ती गटाराची नव्हती.

गटार मोकळं झालं. वर येताना गटारवाल्याचा हात काठावरून निसटला. काकांनी रुमाल खिशात कोंबला, त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाले, "नाव सांग पोरीचं."

उपासनेत चिठ्ठ्या वाचताना पाळक एका नावाशी अडखळले. "ही कोण? यादीत तर दिसत नाही."

काका उठून उभे राहिले. तीनदा साबण लावूनही बाहीचा वास गेला नव्हता. शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला, थेट काकांसारखाच.

"घरचीच आहे," काका म्हणाले. "आधी तिच्यासाठी मागा. माझ्या बायकोचं नाव मागाहून घ्या."