सात जानेवारीचा नाताळ

त्या वर्षी नगरवर पांढरी धूळ तरंगत असायची. पाऊस झालेला नव्हता. कँपापलीकडच्या माळावर रणगाडे सरावाला निघाले की धूळ उठायची, उन्हात थबकायची आणि दुपारभर खाली यायची नाही. रविवारी त्या धुळीतून एक टांगा आमच्या गल्लीत यायचा. आधी घुंगरं ऐकू यायची, मग घोडा दिसायचा, मग तीन माणसं. आजही ते तिघं मला तसेच आठवतात, धुळीतून सावकाश आकार घेत येणारे.

तिघंही कॅप्टन होते. एक घानाचा, एक सिलोनचा, एक इथिओपियाचा. रणगाड्यांच्या शाळेत शिकायला आले होते. आमच्या चर्चमध्ये ते मागच्या सतरंजीवर येऊन बसले आणि उपासना संपल्यावर आप्पांनी त्यांना चहाला बोलावलं. आप्पा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. आई गेली होती. मी चोवीस वर्षांची होते, शाळेत शिकवत होते आणि घर चालवत होते. चहाचं निमित्त झालं आणि दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत गाणी आणि प्रार्थना सुरू झाली.

पहिल्या दिवशी आप्पा भिंतीपाशी उभेच राहिले. घानाचे कॅप्टन जागा करून देत म्हणाले, "आप्पा, बसा."

"साहेबलोकांत हवालदार कसा बसंल?" आप्पा मला म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं.

घानाच्या कॅप्टनांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे तिघांच्या बुटांचे जोड आमच्या चपलांशेजारी होते. "रँक तिथं काढून ठेवलीय. जाताना घालू."

आप्पा बसले, पण परेडला बसल्यासारखे ताठ.

सगळ्यांना येणारी एखादी चाल निघाली की तिघं आपापल्या भाषेत गात, आप्पा पेटीवर मराठीत. इथिओपियाच्या कॅप्टनांना मात्र आमची एकही चाल ठाऊक नव्हती. ते डोळे मिटून त्यांचं एक लांबलचक गाणं म्हणायचे. त्याला सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते कळायचं नाही. आप्पा पेटीवर बोटं फिरवत त्यांच्यामागून जात, एखादा सूर सापडला की तिथेच रेंगाळत. खिडकीतून ऊन यायचं, उन्हात धूळ फिरायची. चुलीवरचा चहा उकळून आटायचा आणि मला उठावंसं वाटायचं नाही.

नोव्हेंबरच्या मध्यापासून ते तिघं सरावासाठी बाहेर गेले. परतले ते थेट नाताळाला. आप्पांनी घोडेगावच्या बाजारातून बोकड आणला होता. चारा नसल्यानं लोक जनावरं विकायला काढत होते, म्हणून आम्हाला तो मिळाला. पाणी टँकरचं. त्यातला एक हंडा मी पाहुण्यांसाठी गाळून वेगळा ठेवला होता.

भर दुपारी पंगत बसली. सिलोनच्या कॅप्टनांनी रस्सा दोनदा मागून घेतला. इथिओपियाच्या कॅप्टनांनी ताटावर हात आडवा धरला.

"थोडं तरी," मी म्हटलं.

"नको, बाई. आभारी आहे."

"भाकरी? करंजी?"

त्यांनी हसून मान हलवली. आप्पांनी स्वतः उठून पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. ते तांब्याकडे बघत राहिले आणि त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. आप्पांचा हात तसाच राहिला, काहीतरी सांडल्यासारखा.

टांगा गेल्यावर आप्पा म्हणाले, "त्यास्नी सांगितलं कुनीतरी."

"काय?"

"आपन कोन ते. ऑक्टोबरात चहा पीत हुते का न्हाई? मधल्या म्हयन्यात कुनीतरी कानात सांगितलं."

माझ्याकडे दुसरा खुलासा नव्हता. आप्पा तिसगावचे. लहानपणी त्यांना पाणी वरून ओंजळीत मिळायचं. पुढे ख्रिस्ती झाले, फौजेत गेले, हवालदार झाले, तरी गावी गेलं की काही घरांत कपबशी वेगळीच निघायची. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. आताही त्यांनी पेटीला तिच्या खोक्यात घालून वर दोरी बांधली. "येत्या रविवारी न्हाई म्हनून कळव," एवढंच म्हणाले.

मी कळवलं नाही. रविवारी टांगा आला, तेव्हा आप्पा घरी नव्हते. पेटीशिवाय तिघं थोडा वेळ बसले आणि गेले. इथिओपियाच्या कॅप्टनांनी त्याही दिवशी काही घेतलं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेनंतर मी त्यांना चर्चच्या आवारातच गाठलं. सिलोनचे कॅप्टन बरोबर होते.

"माझ्या घरचं पाणी तुम्ही का घेतलं नाही?"

ते गोंधळले. "अजून आमचा नाताळ कुठे आला?"

"म्हणजे?"

"आमच्या देशात तो सात जानेवारीला. त्याआधी चाळीसेक दिवस उपास. मांस नाही, दूध नाही, तूप नाही. आणि दिवस कलेपर्यंत पाणीसुद्धा नाही."

"मग तसं सांगायचं!"

"सांगितलं तर उपास कसला?"

सिलोनचे कॅप्टन हसायला लागले. "मेसमध्ये हा असाच. आम्हाला वाटलं, पोट बिघडलंय."

मी मात्र हसले नाही. आप्पांना काय वाटलं, ते मी सरळ सांगून टाकलं. सगळं, तिसगावासकट. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा उतरत गेला.  मग त्यांनी विचारलं, "सात तारखेला मी येऊ शकतो?"

"रविवारच आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे त्या दिवशी काय करतात?"

त्यांनी त्यांच्या आईच्या भाकरीचं वर्णन केलं. परातीएवढी, मऊ, आंबट, अंगभर भोकं.

घरी येऊन मी आप्पांना सांगितलं. त्यांनी नवा करार काढला, उपास करताना तो लोकांना दिसू देऊ नका असं जिथे आहे ते पान उघडलं, वाचलं आणि मिटलं.

"आपल्याच पुस्तकात हाय," म्हणाले. "चाळीस वर्सं वाचतुय." थोड्या वेळानं उठून त्यांनी पेटीची दोरी सोडली.

रेशनवर तेव्हा लाल मिलो, परदेशातून आलेला ज्वारीसारखा दाणा, मिळायचा. मी त्याचं पीठ दोन दिवस आंबवलं आणि मोठ्या तव्यावर धिरडी घातली. पहिली तीन तव्याला चिकटली, चौथ्याला भोकं पडली.

सात तारखेला टांगा थांबला. इथिओपियाचे कॅप्टन बूट न काढता दारातच उभे राहिले आणि मराठीत म्हणाले, "आप्पा, पाणी." बहुधा वाटभर घोकत आले असावेत. आप्पा तांब्या घेऊन आले. कॅप्टन उभ्यानं अख्खा तांब्या प्याले. घोट खाली उतरताना दिसत होते.  गल्लीत धूळ तशीच उन्हात थांबली होती.

मग त्यांनी ताटं परत पाठवली. एकच परात मध्ये ठेवायला सांगितली आणि सगळे तिच्याभोवती बसलो. त्यांनी धिरड्याचा तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि आप्पांच्या तोंडापुढे धरला.

"आमच्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला पहिला घास भरवतात," त्यांनी मला सांगितलं. मी आप्पांना सांगितलं.

आप्पा त्या हाताकडे बघत राहिले. रस्सा मनगटावरून ओघळायला लागला होता. "आता किती वेळ धरतील? तोंड उघडा," मी म्हटलं. त्यांनी उघडलं.

चावून झाल्यावर म्हणाले, "लग्नात तुझ्या आईनं भरवला हुता. त्यानंतर आज." मी ते इंग्रजीत सांगितलं, तेव्हा घानाचे कॅप्टन इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग आप्पांनी तुकडा तोडला आणि पहिल्यांदाच पाठ वाकवून पुढे झुकले.

उन्हाळ्यात तिघं आपापल्या देशी गेले. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला. डिसेंबरात एका दुपारी मी आप्पांना वाढत होते, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"भूक न्हाई," आप्पा म्हणाले.

त्यांची भाकरी मी झाकून ठेवली आणि दिवस कलायची वाट बघत बसले.