हिशोबाच्या बाई

आमच्या हिशोबाच्या बाई, पद्मजा मगदूम, गेल्याचा फोन आला तेव्हा घरी मी एकटीच होते. त्यांच्या भावाने शिरोळहून केला होता. "बाई गेल्या वो वहिनी, पहाटे," एवढंच बोलला बिचारा. आमचे हे तेव्हा हातकणंगल्याला एका लग्नाचा मांडव घालत होते. असली बातमी फोनवर सांगवेना, म्हणून शेजारीच राहणाऱ्या दिरांना गाडी काढायला लावली आणि तिथं गेले. सांगितलं. हे गुंडाळलेल्या गालिच्यांच्या ढिगावर मटकन बसले आणि सगळ्या गड्यांसमोर लहान पोरासारखे रडायला लागले. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हाच माणूस भिंतीसारखा उभा होता. मी पाठीवरून हात फिरवत होते, डोळे माझेही भरले होते, पण मनात एकच चाललं होतं... मी गेले तर हा एवढा रडेल का?

आता दीड महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं, आणि बाईंबद्दल वाईट लिहायला काही नाहीच. तीच तर अडचण आहे.

आमचा धंदा मंडप डेकोरेशनचा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्याचा हिशोब मीच लिहायचे. दुपारची जेवणं उरकली की माझी बैठक तीच. कुठल्या गल्लीतल्या मंडळाने किती खुर्च्या नेल्या आणि किती मोडून आणल्या, ते हे मला विचारायचे. मग जीएसटी आला, नोटिसा यायला लागल्या आणि हे म्हणाले, "आता माणूस ठेवायला पाहिजे. तुझ्यानं हुणार न्हाय." दोघंतिघं येऊन गेले. त्यातला एक तरुण मला बरा वाटला होता. वहिनी वहिनी करत होता, तुमच्याकडनं समजून घेतो म्हणत होता. आणि मग बाई आल्या. स्कूटरवरून, खांद्याला कापडी पिशवी, वय साधारण माझ्याएवढं, लग्न केलेलं नाही. बेकरीवाला, गॅरेजवाला, पार्लरवाली अशा आपल्या जिवावर धंदा करणाऱ्यांचीच कामं त्या घ्यायच्या. "मोठी कंपनी नको मला. तिथं मालक भेटत न्हाय," म्हणाल्या. हे तिथंच खूश झाले. माझं लिखाण चाळून त्यांनी विचारलं, "कुणी लिहिलंय?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अक्षर लई छान हाय," म्हणाल्या. बस्स. इतक्या वर्षांच्या कामाला चौथीतल्या पोरीसारखी शाबासकी मिळाली. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, माझी एकच अट. चुकलेलं असलं तरी मला खरं सांगायचं." हे म्हणाले, सांगतो. आणि खरंच सांगायला लागले... सगळंच.

बाई बुधवारी आणि शनिवारी यायच्या. त्या जैन, कांदा-लसूणसुद्धा खायच्या नाहीत. बुधवारी आमच्याकडे मटण शिजतं, ते माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. बाई यायला लागल्यावर महिनाभरात हे म्हणाले, "बुधवारचं शुक्रवारवर टाकूया की. बाईस्नी वास येतोय." बाई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मी गरोदरपणात वासाने उलट्या करत होते तेव्हा या घरातला बुधवार काही हलला नव्हता.

त्यानंतरची गोष्ट मंगल कार्यालयाची. बिद्रीकडचे एक पावणे भागीदारीत कार्यालय काढूया म्हणून ह्यांच्या मागे लागले होते. मी पहिल्याच दिवशी म्हणाले, नको. कार्यालय झालं की मांडव कोण घालणार? आपणच आपल्या पायावर धोंडा पाडायचा का? "बायकांना काय कळतंय धंद्यातलं," म्हणून ह्यांनी विषय झटकला. तीन-चार महिने पावण्यांच्या खेपा चालूच होत्या. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "दादा, कार्यालय झालं तर मांडव कोण घालणार?" आणि त्याच संध्याकाळी पावण्यांना नकार गेला. जेवताना हे मला कौतुकाने सांगत होते, "काय डोकं हाय बघ बाईंचं!" मी भाकरी वाढत होते. म्हटलं, "त्या पण बाईच हाईत की." ह्यांना काही कळलं नाही. हसले, आणि आमटी मागितली.

पण खरा वळ उठला तो गेल्या वर्षी. चहाचा कप ठेवायला बाई स्वयंपाकघरात आल्या आणि सहज म्हणाल्या, "दादांची अँजिओग्राफी सोमवारी का मंगळवारी, वहिनी? विमावाल्यांना आधी कळवायला लागतंय." माझ्या हातात लाटणं होतं. "सोमवारी," मी म्हणाले. तोंडाला आलं ते. बाईंचा चेहरा उतरला; मला काहीच माहीत नाही हे त्यांनी ओळखलं. तशाच बाहेर गेल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "घरात सांगितलं न्हाय? आधी घरात सांगायचं, मग माझ्याकडं यायचं. न्हायतर दुसरा माणूस बघा." "अवो, ती घाबरती..." हे पुटपुटत होते. मग आत येऊन ह्यांनी मला सांगितलं. छातीत दुखतंय, पंधरा दिवस झाले. माझ्या नवऱ्याच्या काळजातलं मला कळावं म्हणून दुसऱ्या बाईनं भांडायचं, आणि मी तिचे उपकार मानायचे... हे कसं गिळायचं, सांगा. दवाखान्यात मी बाकावर बसले होते तेव्हा त्या येऊन कागदपत्रं करून गेल्या. सगळं सुखरूप पार पडलं. त्या माझ्याशेजारी बसल्या नाहीत, मीही बसा म्हणाले नाही.

शिरोळला अंत्यविधीला पोहोचलो तर ही गर्दी. बेकरीवाला रडत होता, गॅरेजवाला रडत होता, आणि प्रत्येकजण म्हणत होता, बाई आमच्या घरातल्याच. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिथंच पार्लरवाली सुरेखा भेटली. तिच्या बोलण्यातून कळलं की बाई वर्षभर आजारी होत्या. मिरजेला उपचाराला जायच्या, आणि दर खेपेला सोबत सुरेखाच असायची. "तिला सांगितलं, मला न्हाय?" परतताना हे गाडीत पुन्हा पुन्हा म्हणत होते. एरवी ह्यांची जिरली म्हणून मला बरं वाटलं असतं. पण मी खिडकीतून ऊस बघत बसले होते आणि ते ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागलं होतं. दोन पोरं वाढवलेली बाई मी, आजारपणं काढलेली. त्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहायच्या. मला का नाही?

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत सुरेखाच्या पार्लरमध्ये गेले. भुवया करायच्या म्हणून गेलते, पण ते निमित्त. खिडकीपाशी एक वेताची खुर्ची होती, वर विटकी निळी उशी. बसायला लागले तर सुरेखा घाईने म्हणाली, "तिथं नगा वहिनी. बाई बसायच्या. अजून कुणाला बसू दिलं न्हाय मी." मी दुसरीकडे बसले. दोरा ओढता ओढता ती म्हणाली, "तुमची लई भीती होती बघा त्यांना."

"माझी?"

"व्हय की. म्हणायच्या, त्या घरात धंदा एकाच माणसाला कळतोय, आन ते माणूस माझ्याशी बोलत न्हाय."

हेही त्यांनी तिलाच सांगितलं होतं. मी आरशातून खुर्चीकडे बघत राहिले. उशीला मधोमध खळगा पडला होता, उन्हात नीट दिसत होता... सुरेखाने तो झटकून सारखा केला नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं तसं ती म्हणाली, "दोरा लागला का?" मी व्हय म्हणाले.