वाण्याचं कॅलेंडर
वाण्याने दिलेलं नवं कॅलेंडर उलगडलं की शाईचा वास येतो आणि मला मुलीचं नववीचं वर्ष आठवतं. तेव्हा तिला कपडे सुचवणाऱ्या एका वेबसाइटचा नाद लागला होता. आपला फोटो टाकायचा, मग तिथली स्टायलिस्ट काय शोभेल ते सांगणार. एका संध्याकाळी मी भाजी निवडत असताना ती मोबाइल घेऊन आली, चेहरा उतरलेला. "आई, ही स्टायलिस्ट दीदी म्हणते, मुलुंडलाच राहतेस ना, मी येऊन मापं घेते. घरी सांगू नको म्हणते." "पत्ता दिलास तू?" "नाही गं, शपथ. नावसुद्धा खोटं टाकलंय." मी तिने पाठवलेला फोटो उघडला. कपाटाच्या आरशासमोर उभं राहून काढलेला, छान आला होता. तिच्या मागे भिंतीवर कॅलेंडर, आणि तारखांखाली ठळक अक्षरांत वाण्याचं दुकान, आमची गल्ली, मुलुंड पूर्व. आरशात अक्षरं उलटी होती, तरी मला वाचता आली. त्या दीदीलाही आली असणार. दीदी होती की आणखी कोण, देव जाणे. मी स्क्रीनशॉट काढले, मुलीला त्या दीदीचं खातं ब्लॉक करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली. आमच्याकडचा फोटो पुसला, तिकडे पोचलेला कसा पुसणार? आता मुलगी कॉलेजात आहे. कॅलेंडर भिंतीवर लावण्याआधी मी कात्रीने खालची पट्टी कापते. ती मात्र अजूनही खाली उतरण्याआधी खिडकीतून रस्ता बघून घेते.