शनिवारची गाणी, वाटीच्या नियमानं

किस्से आमच्या घरी धुतलेल्या कपड्यांसारखे साठतात. नंतर घड्या घालू म्हणत खुर्चीवर टाकायचे, आणि एक दिवस पाहुणे दारात उभे राहिले की त्यांना बसायला खुर्चीच नाही. तर आज तुम्ही आलाच आहात, जरा टेका, मी एकेक घडी घालते. सगळे कपडे एकाच दोरीवरचे. बेंगळुरूत के. आर. पुरमला आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींचे.

आम्ही गात नाही, आणि त्याबद्दल बिल्डिंग आमची आभारी आहे. आम्ही गाणी लावतो. विषय एकच, घर. एकानं आपल्या घराची आठवण येणारं गाणं लावायचं. त्याच्या डावीकडे बसलेल्यानं ते आठवडाभर ऐकायचं, आणि पुढच्या शनिवारी ते कसं वाटलं हे सांगून स्वतःचं गाणं लावायचं. शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवत नाहीत, तोच नियम. काढला मीच. आणि पहिली फजिती माझीच झाली.

*

कारण मला घराचं गाणंच नाही! आमचं घराणं बेंगळुरूचंच. इतक्या पिढ्यांपासून, की मूळ कुठून आलो ते सांगणारंही कोणी उरलं नाही. आईला फोन करून विचारलं, तर तिनं पलीकडून एक कन्नड अंगाईगीत म्हटलं, तेही अर्धंच. मग मी मोबाइलवर शोधून एक मराठी गाणं लावलं. त्यात नदी, डोंगर, नारळ, सगळंच होतं. शेजारच्या फ्लॅटमधली केतकी डोळे मिटून ऐकत होती. केतकी मूळची मिरजेची, कॉलेज पुण्यात आणि नोकरी इथे आयटीत. गाणं संपल्यावर तिनं विचारलं, "अक्का, किती छान! कुठलं हे गाव?"

मला काय माहीत?

आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "हिचं माहेर दोन स्टॉप पुढे आहे. त्याचं गाणं बस कंडक्टरच म्हणेल, आणि तोही ओरडून."

*

परशुअण्णा निपाणीकडचे. बोम्मसंद्राला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी लावलेल्या गाण्यात नवरा-बायको एकमेकांना बरंच काही सुनावत होते. केतकीला अर्धंच कळलं. हे मराठी आहे की कन्नड, असं तिनं विचारलं.

"संसार मराठीत," अण्णा म्हणाले, "भांडण कन्नडमध्ये. आमच्याकडे घरोघरी असंच."

*

या अण्णांच्या वाट्याला नंतर फिलोमिना आंटींचं गाणं आलं. आंटी मंगळुरूच्या, बोलतात कन्नड, देवाला कोंकणी. त्यांनी एक जुनं कोंकणी गाणं लावलं. अण्णांनी नियम मनापासून पाळला. कंपनीच्या बसमध्ये ते रोज लावलं. दोन दिवसांत सगळी बस गुणगुणायला लागली, आणि आठवडा संपेपर्यंत मशीनवरची माणसं त्या तालावर पार्ट उचलत होती.

शनिवारी अण्णांनी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. आंटींचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते गाणं लग्नाच्या आदल्या दिवशी नवरी आईचा निरोप घेते तेव्हाचं. त्यांच्या गावात ते सुरू झालं की घरातले पुरुषसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

अण्णांनी आधी कान पकडले. मग म्हणाले, "आंटी, तरीच. आमचा मॅनेजर परवा आपणहून मला म्हणाला, सगळ्यांना रजा दे."

*

आता केतकीच्या वडिलांबद्दल सांगते. नाना. पोस्टातून रिटायर झालेले. मिरजेला एकटेच असायचे. बायको गेल्यावर त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं, ऐकले नाहीत. मग एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडले, ते सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. त्यानंतर केतकीनं त्यांना जवळजवळ उचलूनच इथे आणलं.

आणलं खरं, पण नाना आले नव्हते! बॅग कपाटात नाही, पलंगाशेजारी, चेन लावलेली. त्यातून शर्ट काढायचा, धुतला की परत त्यातच ठेवायचा. कोणीही विचारलं, "नाना, रुळलात का?" की उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात जाईन म्हणतो." केतकी ऑफिसमधून घरी आली की आधी बॅग जागेवर आहे का ते बघायची, मग चप्पल काढायची. ते परत एकटे राहायला गेले तर पुढच्या वेळी दूधवालाही वेळेवर यायचा नाही, असं ती मला म्हणाली होती. सांगताना ती भाजी निवडत होती, आणि तिनं चांगल्या शेंगा टाकून देठ ठेवले.

शनिवारी ती त्यांना आमच्याकडे आणायची. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. पाहुणा बसतो तसे, पुढच्या कडेवर.

*

एका शनिवारी दुपारी केतकीचा सगळ्यांना मेसेज आला. प्लीज, आज घराची आठवण येईल असं काही नको. आई नको, नदी नको, अंगण नको, गाव तर नकोच. नाना काल दिवसभर खिडकीत उभे होते.

आता विषयच घर! त्यातून आई, अंगण आणि गाव काढल्यावर उरतं काय? भाडं? पाळी आमच्या ह्यांची होती. ह्यांनी बराच विचार करून एक नुसतं वाजवलेलं काहीतरी लावलं. लिफ्टमध्ये वाजतं तसलं. आम्ही सगळे माना डोलावत, एकमेकांकडे न बघता ऐकत बसलो. आंटींनी तर डोळे मिटून क्रॉससुद्धा केला.

नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "कुणाची तब्येत बरी नाही का?"

पुढच्या आठवड्यापासून बंदी उठली.

*

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी सर म्हणजे नोटीस लावण्यासाठी जन्मलेला माणूस. लिफ्टमध्ये ओल्या छत्रीवाला, गॅलरीत कुंडीवाला, कोणी सुटलेलं नाही. एकदा आमचं गाणं चालू असताना बेल वाजली आणि दारात सर. ह्यांनी आवाज बंद केला. मी तोंडात "सॉरी सर" तयार ठेवलं.

सर कन्नडमध्ये म्हणाले, "बंद का केलंत? मी जिन्यात उभं राहून ऐकत होतो. तिथे डास आहेत."

मग आत आले, बसले, आणि नियम कळल्यावर दुसऱ्या शनिवारी स्वतःच्या आजोळचं एक कन्नड गाणं घेऊन आले. शेतातून परत येणाऱ्या बायकांचं. पण लावलं इतकं हळू, की आम्ही सगळे त्यांच्या फोनभोवती डोकी जुळवून बसलो. आवाजाबद्दलची नोटीस त्यांचीच ना!

*

सरांच्या डावीकडे बसले होते नाना. म्हणजे ते गाणं नानांकडे गेलं. केतकीनं घाईनं सांगितलं, नानांचं राहू दे, मी घेते. नाना म्हणाले, नियम म्हणजे नियम, आम्ही रजिस्टर्ड पत्र शेजाऱ्याकडे देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. फोन कानाला. "अक्का, ह्या ओळीत काय म्हणतीय ही?" मी पोळी लाटता लाटता सांगितलं, संध्याकाळ झाली, गाई परतल्या, असं काहीसं. तिसऱ्या दिवशी मी "असं काहीसं" म्हणाले तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या सगळ्याच ओळींत गाई परततात." माझ्या कन्नडची अब्रू गेली. मग ते सरांकडेच जायला लागले. दोघं पार्किंगमध्ये बाकावर बसायचे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला कन्नड येत नाही, आणि तासन्‌तास गप्पा.

शनिवारी नानांनी ते गाणं म्हणून दाखवलं. लावलं नाही, म्हटलं! शब्द थोडे इकडे तिकडे, पण सूर असा, की सेक्रेटरी सर खाली बघून चष्मा पुसत राहिले. आता तुमचं गाणं, असं मी म्हटल्यावर नाना उठले. "पुढच्या शनिवारी बघू," एवढंच बोलले.

केतकीच्या मनात पाल चुकचुकली. त्या आठवड्यात तिनं त्यांना मिरजेच्या शेजाऱ्यांशी फोनवर बोलताना ऐकलं. यशवंतपूर, म्हणजे मिरजेची गाडी सुटते ते स्टेशन, गाडी, शनिवार, एवढे शब्द तिच्या कानावर पडले, आणि ती खोलीत आल्यावर फोन बंद.

*

आणि तो शनिवार. दुपारी केतकी धावत आमच्या दारात. ऑफिसातून आली, तर नाना घरात नाहीत. फोन टेबलावर. बॅग जागेवरच, पण पलंगावरची गोधडी नाही, आणि ती गोधडी सोडून त्यांना झोप येत नाही. वॉचमन म्हणाला, अज्जा सकाळीच गेले, यशवंतपूरला कसं जायचं विचारत होते.

परशुअण्णांनी गाडी काढली. मी मागे, केतकी पुढे. रस्ताभर ती एकच बोलत होती. आपणच त्यांना घर घर करून उठवलं. दर शनिवारी एका म्हाताऱ्या माणसासमोर सगळ्यांनी आपापलं गाव उघडून बसायचं, मग त्याला जावंसं वाटणार नाही तर काय? मी नियम काढणारी, मी मागच्या सीटवर आणखी अंग चोरलं. अण्णांनी सवयीनं गाणं चालू केलं, आणि दुसऱ्या क्षणी असं बंद केलं की बटण हातात आलं.

मिरजेकडे जाणारी गाडी उभीच होती. आम्ही एकेक डबा बघत पळालो. केतकी खिडक्यांमधून "नाना" म्हणून हाक मारत होती, आणि गाडीत नाना बरेच असतात, चार-पाच जणांनी माना बाहेर काढल्या. आमचे नाना त्यात नव्हते. गाडी सुटली. केतकी बाकावर बसली. रडली नाही, नुसती गाडीच्या शेपटाकडे बघत राहिली. पुढच्या स्टेशनवर कळवता येईल का ते विचारायला अण्णा गेले, आणि जरा वेळानं लांबूनच हात हलवायला लागले. या, इकडे या.

पार्सल ऑफिसच्या बाहेर नाना उभे होते. बाही वर केलेली, कपाळावर घाम. समोर 'मिरज ते यशवंतपूर' अशी चिठ्ठी डकवलेली एक लोखंडी ट्रंक, तिला सुतळीनं बांधलेला प्रेशर कुकर, आणि शेजारी गोणपाटात शिवलेली बाजाची पेटी. नाना खाली बसून त्या पेटीवर गोधडी गुंडाळत होते आणि हमालाला मोडक्या कन्नडमध्ये सांगत होते, "स्वल्प सावकाश, अण्णा, स्वल्प सावकाश."

केतकी त्यांच्यासमोर जाऊन थांबली. तिनं कुकरकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, मग नानांकडे.

नानांनी वर बघितलं.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "ती बाजू धर. आणि भात्याला धक्का लावू नकोस."