सगळ्यात मोठा ठिपका

या, बसा, चहा घ्या. आज माझीच फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर गावात सांगणारे पुष्कळ आहेत, आणि जो तो जाताजाता त्यात आपलं मीठ घालतो.

मी चौथी पास. पाचवीच्या वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, तिथेच शिक्षण संपलं. मग जन्मभर होडी. आता गुडघे गेले, म्हणून मुरुडजवळच्या आमच्या कोळीवाड्यात पडवीत बसतो, लोकांची फाटकी जाळी सांधतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढतो. देवाने दोन हात दिलेत, एक तोंड दिलंय. तिन्हींना काम नको का?

आमची सूनबाई सुलभा, दुपारी भांडीकुंडी आटपली की पडवीत लॅपटॉप घेऊन शिकायला बसायची. एकदा डोकावलो. पडद्यावर नुसते ठिपके, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. सगळं हळूहळू हलत होतं, भरतीच्या पाण्यात जाळं पसरत जावं तसं. मग एकेक ठिपका आपापल्या जागी जाऊन निजला.

"हे काय गं?"

"ही माणसं, बाबा. कोण कुणाला उत्तर देतं, त्याच्या या रेघा."

"म्हणजे जाळंच की."

"जाळंच."

झालं! ज्या गाठी मारण्यात हयात गेली, त्याच आता उजेडात तरंगत होत्या. पावसाळ्याची दुपार, बाहेर माडांची सळसळ, आणि मी आपला बघतोय. म्हटलं, मलाही शिकव.

ती भाषा पायथन नावाची. पायथन म्हणजे अजगर, हे कळल्यावर मी गप्प बसेन? सुनेने घरात अजगर पाळलाय, असं मी विहिरीवर सांगून आलो. शेजारच्या दोघी आठवडाभर आमची पडवी टाळून मागच्या वाटेने गेल्या.

पण भाषा महामानी हो. एक कंस विसरला की पडदा लाल. ओळीआधी चार जागा सोडायच्या. तीन सोडल्या की रुसून बसते. आमच्या व्याह्यांचाही एवढा मानपान मी कधी केला नव्हता. तरी एका बोटाने टकटक करत शिकलो.

आता खरी गोष्ट. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ आमच्या गावातर्फे एकच माणूस समुद्राला देतो. हा मान ज्यांच्याकडे होता ते म्हातारबाबा यंदा लेकीकडे पनवेलला गेले. ज्यानं गाव बांधून ठेवलंय त्याला मान द्यायचा, असं पंचांनी ठरवलं. नावं दोन निघाली: धर्मा तांडेल आणि मी. माझं नाव मीच काढलं होतं, ते सोडा.

तुम्हाला म्हणून सांगतो, मला तो नारळ पोरवयापासून हवा होता. जाळं मांडीवर घेऊन दुपारी डोळा लागला की तेच दिसायचं. गुडघाभर पाणी, ऊन पडलेलं, मागे सगळं गाव गप्प उभं, आणि कुणीही मला हसत नाही. आयुष्यभर लोकांना हसवलेल्या माणसाचं स्वप्न याहून वेगळं काय असणार?

म्हणून पंचांना म्हटलं, भांडता कशाला, कॉम्प्युटर सांगेल. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं येत्या तीन आठवड्यांचं बोलणं घ्यायचं आणि त्याचं जाळं काढायचं. सुलभाने सगळ्यांना विचारलं, सगळे हो म्हणाले. धर्मासुद्धा म्हणाला, "चालंल. यंत्रापुढं नाम्याच्या खोड्या चालायच्या न्हाईत."

मी मनात म्हटलं, बघच. जो जास्त बोलेल त्याचा ठिपका मोठा, ही ओळ मीच माझ्या बोटाने लिहिली होती. सुलभा बजावत होती की ठिपक्याचा आकार वेगळा आणि रेघ वेगळी. पण माझं लक्ष कुठे होतं? माझ्या डोळ्यांपुढे नारळ.

सुरू झालो. पहाटे शुभ सकाळ, मग वाऱ्यापावसाची खबर, दुपारी 'आगरदांड्याला देवमासा लागलाय', संध्याकाळी 'देवमासा गेला'. पूर्वी माझ्या थापांनी माणसं धावत सुटायची. आता कुणी विचारेनासुद्धा. माझं काय जातंय? ठिपका फुगतोय ना!

आमच्या घरात हिरा, म्हणजे माझी बायको, बाजारात मासळी विकते. ती सकाळी ग्रुपवर एकच ओळ टाकायची: सुका जवळा हाय, खाडीची कोळंबी हाय. मी तिला म्हटलं, अशानं तुझा ठिपका मोहरीएवढा राहील.

"राहूं दे," ती म्हणाली. "मोहरीबिगर फोडणी होत न्हाय."

ठरल्या दिवशी सुलभाने प्रोजेक्टर लावला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर जाळं उमटलं. आणि काय सांगू, माझा ठिपका पुनवेच्या चंद्राएवढा! मी उठून हात जोडले. धर्मा मात्र डोळे बारीक करून बघत राहिला. "मोठा हाय खरा. पण धरून ठेवतोय काय?"

इथे माझी अक्कल चरायला गेली. म्हटलं, मी जाळी सांधणारा माणूस आहे. गाठ कामाची की शोभेची, हे ती कापल्यावर कळतं. सुलभा, काप मला.

"बाबा, नको," ती हळूच म्हणाली.

"काप म्हणतो ना."

तिने कापलं. ठिपके जरासे थरथरले आणि होते तिथेच पुन्हा निजले. मागून कुणीतरी विचारलं, "काढला काय? कळलंच न्हाय."

मी तडकलो. म्हटलं, मला परत लाव, आणि आता हिरेला काप. बघू तिची मोहरी!

मोहरी गेली. आणि भिंतीवरचं गाव सावकाश उसवायला लागलं. कोळीवाडा एकीकडे सरकला, मोहल्ला दुसरीकडे, बाजार आणि लॉजवाले तिसरीकडे. सकाळी तिच्या त्या एका ओळीखाली सगळे तिलाच विचारत, कोळंबी केवढ्याला, आणि अमक्याचा ताप उतरला का. तीन पाड्यांना सांधणारी गाठ ती एकच होती.

आणि माझा चंद्र? तो एकटाच तरंगत निघाला. तुटल्या जाळ्याचा बोया जावा तसा, कुणाला धक्का न लावता, पार भिंतीच्या कोपऱ्यात.

"बाबांना एकच रेघ होती," सुलभा खाली मान घालून म्हणाली. "आईंची. बाबांना रोज एक तरी उत्तर त्यांनीच दिलंय."

पंचांनी वाचायला लावलं. तिने वाचलं. जेवायला या. मीठ आणा. देवमासा राहूं दे, जेवायला या.

समाजमंदिराचे पत्रे हसण्याने वाजले. सगळ्यांत आधी हसायचा थांबला तो धर्मा. "वैनी," तो म्हणाला, "नारळ तुमीच द्या."

नारळी पौर्णिमेला सगळं माझ्या स्वप्नातल्यासारखंच झालं बरं का. ऊन पडलं. गुडघाभर पाण्यात मी उभा, मागे सगळं गाव गप्प, कुणी हसत नव्हतं. हिरेने नारळ सोडला. त्याच्यावर लाट आली, गेली, आणि सोनेरी कागद लांबपर्यंत चमकत राहिला. माझे दोन्ही हात मात्र गुंतले होते. त्यांत तिच्या चपला होत्या.

संध्याकाळी मोठ्या हौसेने त्या सोहळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. उत्तर एकच आलं.

'चपला भिजवल्यात. जेवायला या.'