डावा हात वर

माझ्या वर्गात एक नियम होता. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यांनी उजवा, येत नसेल त्यांनी डावा. बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि कुणाला उठवायचं, कुणाला नाही, हे मला बरोबर कळायचं. शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले की या युक्तीनं माझी लाज राखली जायची. ती माझ्याच डोक्यातून निघाली आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. मला तिचा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू.

आमची माध्यमिक शाळा धायरीत होती आणि धायरी तेव्हा पुण्यात धरत नसत. मी कर्वेनगरहून जायचे. नोकरी धरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब जातेस तर अंथरूण-पांघरूणही ने." आठवी ते दहावीचं गणित माझ्याकडे होतं.

आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकाशी एक फळा रंगवून घेतला होता. 'दहावीचा निकाल : शेकडा' आणि पुढे मोकळी जागा. त्या जागेत एकदा तरी शंभर लिहायचे, ही त्यांची आयुष्यातली एकच हौस. माणूस वाईट नव्हता. पण शंभर आणायचे तर जे मूल नापास होईलसं वाटतं त्याला आधीच बाजूला काढावं लागतं. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असे. नववीनंतर मुलानं तो भरायचा आणि दहावीला बाहेरून बसायचं. परीक्षा तीच, पण ते नापास झालं तर शाळेच्या निकालाला डाग लागत नसे. बाहेरून बसतो म्हणालेली मुलं पुढे बसतच नसत. मुलींची तर लग्नंच होऊन जात. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी नावं काढून द्यायचं काम मीच करत होते. आधीच्या दोन वर्षांत मी चार नावं दिली होती.

त्या वर्षी नववीतून एकच नाव निघालं. गावातल्याच एका शेतकरी घरातली मुलगी, खिडकीजवळ बसायची. तिच्या वह्या अर्धवट, उत्तरपत्रिका निम्म्या कोऱ्या. जे लिहिलेलं असे ते बरोबर असे, हे मी पाहत होते. पण कोऱ्या पानांना गुण देता येत नाहीत. आणि वर्गात कुठलाही प्रश्न विचारा, हिचा डावा हात ताठ वर. एकदाही चुकून उजवा नाही. मी मनात म्हणायचे, बिचारी, निदान प्रामाणिक तरी आहे. तिच्या नावाचा फॉर्म मी टेबलाच्या खणात आणून ठेवला. तपासणी उरकली की तिच्या आईला बोलवून समजावून सांगायचं, असं ठरलं होतं.

तपासणी जानेवारीत झाली. शाळा आठवडाभर घासूनपुसून लख्ख केली होती. साहेब वयस्कर होते, अंगात हातांनी विणलेला स्वेटर. माझ्या नववीच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसले. मी फळ्यावर एक राशी लिहिली आणि म्हटलं, "अवयव पाडा. कोण येतंय फळ्यावर?"

सगळ्यांचे हात वर. मी उजव्या हातांतला एक हुशार मुलगा हेरला, तोच मागून आवाज आला.

"थांबा बाई. ती खिडकीजवळची येऊ दे. डावा हात वर केलेली."

'डावा' हा शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारला.

मुलगी उठली. खडू उजव्या हातात धरून तिनं दोन अक्षरं काढली, तीही वाकडी. मग थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या फरशीकडे पाहत होते. साहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "कुठल्याही हातानं कर गं. उत्तर तेच येतं."

तिनं खडू डाव्या हातात घेतला. त्यानंतर काय झालं ते मला आजही फळ्यासकट दिसतं. खडू थांबलाच नाही. तिनं अवयव पाडले, कुणी न सांगता त्यांचा गुणाकार करून ताळाही करून दाखवला, खडू जागेवर ठेवला आणि हात झटकत जाऊन बसली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'गणिताची तयारी उत्तम.' बाहेर पडताना दारात थांबून फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, आमच्या वेळी आम्हीही हेच करायचो. फक्त अधूनमधून एखादा डावा हात विचारून बघायचो."

शाळेत आनंदीआनंद होता. मुख्याध्यापकांनी बटाटेवडे मागवले. मी माझा वडा तसाच ठेवला. मी तिला व्हरांड्यात बोलावलं.

"अगं, तुला येत होतं, तर डावा हात का वर करत होतीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "मला डाव्याच हातानं येतंय, बाई."

हळूहळू उलगडा झाला. नियम मी आठवीच्या पहिल्या आठवड्यात सांगितला होता, आणि त्या आठवड्यात ही पेरणीसाठी शेतात होती. प्राथमिक शाळेत डाव्या हातानं लिहिलं की गुरुजी पट्टी मारायचे, घरी आई ओरडायची, म्हणून लिहायची उजव्यानं. पेपरात तो हात पुरा पडत नसे. गोठ्यात एकटी असली की डाव्यानं गणितं करायची. "लगीच हुतंय तवा," ती म्हणाली. हात वर करताना मात्र ती हे सगळं विसरायची आणि तिचा खरा हात वर जायचा.

"मी रोज हात वर करते," ती म्हणाली. "तुमी मला कधी इचारलंच न्हाई."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं. नियम काय होता हे मी तिला सांगायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही. मी खणातला फॉर्म काढून फाडला आणि मुख्याध्यापकांकडे गेले.

"ही शाळेतूनच बसेल. डाव्या हातानं लिहील. बोर्डाच्या नियमांत हाताचा उल्लेख नाही."

ते म्हणाले, "ठीक आहे. पण शंभर हुकले, तर त्या मोकळ्या जागेत मी तुमचं नाव लिहून घेईन."

तिच्या आईला समजावणं त्याहून अवघड गेलं. मी घरी गेले तेव्हा त्या लसूण निवडत होत्या. म्हणाल्या, "डाव्या हाताला सरस्वती कशी यील वो?" मी म्हटलं, "आली आहे. आपणच दारात अडवून धरलीय तिला." त्या दिवसापासून त्यांचं ओरडणं थांबलं. मी तिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागणार नाही. शाईनं तळहात बरबटायचा म्हणून बॉलपेन दिलं. दहावीचं वर्षभर संध्याकाळची बस सोडून मी तिच्याकडून पेपर सोडवून घेतले, आणि वर्गात डावा हात वर करणाऱ्या बाकीच्यांकडूनही.

निकालाचा दिवस. मुख्याध्यापक यादी घेऊन आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच वाचायला लागले. मी फक्त तिचं नाव यायची वाट पाहत होते. पास. पहिली वगैरे नाही आली, दुसऱ्या वर्गात आली. पण गणितात तिच्या पुढे शाळेतली दोनच मुलं होती. यादी संपली आणि मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले. एकही नापास नव्हतं. पेंटर तासाभरात हजर झाला.

दुपारी ती आईला घेऊन पेढे द्यायला आली. आईनं माझे दोन्ही हात धरले. "बाई, पोरीला तुमीच वळखलं." एवढं ऐकल्यावर मला राहवेना. मी दोघींना समोर बसवलं आणि उजव्या-डाव्या हाताचा नियम सांगून टाकला, काही न लपवता.

मुलगी एकदम खदखदून हसली. "म्हंजी दीड वरीस मी वरडून सांगत हुते, मला येत न्हाई, मला येत न्हाई!"

ती हसता हसता बाकावर वाकली. तिची आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी हसले नाही. खिडकीतून फाटक दिसत होतं, फळ्यावर ओले पांढरे शंभर. माझ्या खणातून फॉर्म घेऊन गेलेली ती चार मुलं मला एकेक करून आठवली. ती कुठे बसायची ते आठवलं. कुठला हात वर करायची तेही आठवलं. त्यांच्या वेळी शेवटच्या बाकावर कुणी साहेब येऊन बसले नव्हते, आणि मी विचारलं नव्हतं.

"बाई, घ्या की," मुलगी म्हणाली. तिनं पेढा पुढे केला होता, डाव्या हातानं. आई या वेळी ओरडली नाही. मी तो घेतला आणि तिचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.