मुरलेला ताप

हिंगणीत यमराजाला सात वेळा दारातून परत पाठवणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. यमराज दर वेळी हिवतापाच्या रूपाने आला आणि दर वेळी सरकारी दवाखान्यातल्या कडू गोळीने गेला. पण मामाजी गोष्ट सांगताना गोळी गाळतात. त्यांच्या मते बालपणीच्या तापांनी त्यांचे अंग लोणच्यासारखे मुरले आहे. "मले चावला का मच्छरच आडवा होते," हे ते आल्यागेल्याला ऐकवतात. फवारणीवाले आले की दारात उभे राहून त्यांना शेजारचे घर दाखवतात. दवाखान्याने घराला दोन मच्छरदाण्या दिल्या, त्यांतली एक मामाजींनी वाळत घातलेल्या मिरच्यांवर टाकली, कोंबड्यांनी उधळू नयेत म्हणून. दुसरी सुनेने नातवाच्या पाळण्यावर बांधली. तिथून भांडण सुरू झाले.

"काऊन झाकून ठेवलं त्याले? पोट्टं कच्चं राहून जाईन. थोडं मुरू दे."

"लहान लेकरं मुरत नाईत, मामाजी, मरतात," भाजी निवडता निवडता सून म्हणाली.

तेव्हापासून मामाजी येता-जाता मच्छरदाणीचे एक टोक वर करायचे. सून ते खाली सोडायची. हे पोळ्यापर्यंत चालले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजी तीन गोधड्या घेऊन असे कुडकुडले की खाट वाजू लागली. रक्त तपासले. मलेरिया.

दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, ताप येत राहिला तरच तापाशी लढायचं बळ टिकतं. मधे बरीच वर्षं गावात मलेरिया नव्हता, तुमचं अंग विसरलं."

"म्हंजे नातूबी कच्चा अन् मीबी कच्चा," मामाजी म्हणाले. गोळ्या मात्र मोजून घेतल्या.

त्यांना चावलेला डास पाळण्याकडे जाऊ नये म्हणून सुनेने त्यांच्या खाटेवर मिरच्यांवरची मच्छरदाणी बांधली. परवा गेलो तेव्हा ते ठणठणीत होते, तरी आतच बसलेले. मी मुद्दाम यमराजाची गोष्ट काढली. त्यांनी ती सुरू केली नाही. जाळीतून पाळण्याकडे बघत म्हणाले, "आम्ही पाच भावंडं होतो, जावईबापू. मुरलो ते दोघं."

इतक्या वर्षांत गोळीप्रमाणे हेही ते गाळत आले होते. मीही पाळण्याकडे बघितले. तेवढ्यात मामाजी लागोपाठ तीनदा शिंकले.

मच्छरदाणी धुवायची राहिली आहे.